न जोडलेले सर्किट



आजच्या विषयाचे नाव ऐकून हे व्याख्यान इंजिनिअर मंडळींपुरतेच असेल, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. तसे नाही. आमचा प्रश्न साधा आहे. जी वस्तू अजून कोणी जोडलेलीच नाही, ती कशी वागेल हे गणिताने सांगता येते काय? आणि सांगितलेच, तर त्यावर भरवसा किती ठेवावा?

पूर्वी सर्किट करणारा मनुष्य ते आधी टेबलावर जोडून पाही. एका टोकाला विजेचा संकेत द्यायचा, दुसऱ्या टोकाला काय निघते ते ऑसिलोस्कोपवर पाहायचे, आणि चुकले तर डाग काढून भाग बदलायचा. पुढे सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर घडू लागले आणि ही रीत लंगडी पडली. चिपच्या आतला भाग बदलता येत नाही, आणि सुट्या भागांची नक्कल चिपसारखी वागत नाही. ह्या गरजेतून बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगेल ह्या विद्यार्थ्याने प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पाइस’ हा प्रोग्राम तयार केला. तो १९७३ साली जगापुढे आला. तो सर्वांना खुला असावा, हा पेडरसन यांचा आग्रह होता. म्हणूनच तो देशोदेशी पसरला.

हे यंत्र करते तरी काय? एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि ५ व्होल्टची बॅटरी घ्या. रेझिस्टर १ किलोओहमचा, कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा. कपॅसिटर भरण्याचा नियम असा, की जितके भरायचे बाकी, तितका भरण्याचा वेग. सेकंदाच्या हजाराव्या भागानंतर त्यावर ३.१६ व्होल्ट असतात. यंत्र हा काळ लहान लहान पावलांनी चालते. हजाराव्या भागाचे दहा तुकडे केले, तर पहिल्या पावलात ०.५ व्होल्ट, दुसऱ्यात ०.४५, असे करीत दहाव्या पावलाअखेर ३.२६ येतात. उत्तर जवळचे आहे. पाऊल आणखी लहान केले की ते आणखी जवळ येते.

आता ह्याच रीतीने एकदम तीन हजारांशांचे पाऊल टाका. ५ व्होल्टच्या बॅटरीवर कपॅसिटर १५ व्होल्ट दाखवील, आणि पुढच्या पावलाला उणे १५! बेरीज-वजाबाकी बिनचूक, उत्तर मात्र साफ खोटे. स्पाइससारखे प्रोग्राम ह्याहून सावध रीत वापरतात आणि पाऊल स्वतःच लहानमोठे करतात. पण धोका कोठे असतो, हे ह्यावरून कळावे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आम्ही एकदा दहापट करणाऱ्या अॅम्प्लिफायरला पडद्यावर २ व्होल्ट दिले. बाहेर २० आले आणि आम्ही खूष झालो. टेबलावर जोडले, तर १५ व्होल्टच्या अलीकडेच त्याची मजल संपली, कारण पुरवठाच १५ व्होल्टचा होता. पडद्यावर आम्ही आदर्श अॅम्प्लिफायर घेतला होता. त्याला पुरवठ्याची मर्यादा आम्ही सांगितलीच नव्हती, मग त्याने ती पाळावी कशी?

उलट प्रकारही घडतो. दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालूबंद होऊन दिवे लुकलुकवतात, ते सर्किट टेबलावर आपोआप सुरू होते. पडद्यावर ते पुष्कळदा ढिम्म बसते. का? पडद्यावरचे दोन्ही ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे. मग आधी कोणी उठायचे? खऱ्या जगात दोन वस्तू हुबेहूब सारख्या नसतात, आणि त्या फरकानेच दिवा लुकलुकू लागतो. पडद्यावर तो धक्का आपणच द्यावा लागतो.

म्हणून सॉफ्टवेअर टाकून द्यावे काय? मुळीच नाही. त्यावाचून आपल्या खिशातल्या फोनमधली चिप घडलीच नसती. आमचे म्हणणे एवढेच, की यंत्र उत्तर देते ते आपण त्याला सांगितलेल्या सर्किटाचे. टेबलावरच्या सर्किटाचे नव्हे. आपली मुले प्रयोगशाळेतला तास पडद्यावरच संपवू लागली, तर हा भेद त्यांना कोण दाखवणार? पडद्यावर पाहिल्यावर एकदा तरी हातात डागणी धरू द्या. आणि पुढे कोणीही, कोणत्याही विषयात, ‘संगणकाने असे सांगितले’ म्हणाला, तर त्याला नम्रपणे विचारा: संगणकाला तुम्ही काय काय सांगितले होते, आणि काय सांगायचे राहून गेले?