विद्यार्थ्याची भूक आणि त्याची अब्रू

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाच्या खर्चाचा विचार करताना आपण फी, पुस्तके, कपडे आणि एस.टी.चा पास यांचा हिशेब मांडतो. मुलगा दुपारी काय जेवतो, हा आकडा त्या हिशेबात सहसा नसतो. सरकारी शाळेत आठवीपर्यंत माध्यान्ह भोजन मिळते. पुढे मूल कॉलेजात गेले, शहरात खोली घेऊन राहू लागले, की त्याच्या जेवणाची चौकशी कोणी करीत नाही. सकाळी चहा-पाव, दुपारी वडापाव आणि रात्री एका डब्यात दोघे, असे दिवस काढणारी मुले आपल्या आसपास आहेत. ती बोलत नाहीत. कपडे नीटनेटके असतात, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ही केवळ गरीब देशाची अडचण आहे, असे समजू नका. अमेरिकेच्या सरकारी हिशेब-तपासणी कार्यालयाने डिसेंबर २०१८ च्या अहवालात कॉलेज विद्यार्थ्यांविषयीच्या ३१ पाहण्यांचा आढावा घेतला. त्यांपैकी २२ पाहण्यांत ३० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांना पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. या पाहण्या साऱ्या देशाच्या प्रातिनिधिक नव्हत्या. तरी एवढ्या ठिकाणी तेच दिसावे, हे विचार करायला लावणारे आहे. तेथे सरकारी अन्नसाह्य आहे. पण किमान निम्मा वेळ शिकणाऱ्याने ते मिळवायचे, तर सर्वसाधारणपणे आठवड्याला २० तास नोकरी करावी लागते, किंवा ठरावीक सवलतींत बसावे लागते. २०१६ साली सुमारे ३३ लाख विद्यार्थी या साह्याला पात्र ठरण्याजोगे होते; त्यांतील जवळजवळ १८ लाखांनी ते मिळत असल्याचे सांगितले नाही. अनेकांना आपण पात्र आहोत, हेच ठाऊक नव्हते.

मार्ग काढला तो विद्यार्थ्यांनीच. मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९३ साली विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी अन्नपेढी सुरू केली. आज अशा पेढ्या शेकडो कॉलेजांत आहेत. गरजूने यावे, तांदूळ, डबाबंद कडधान्य, भाजी असे सामान पिशवीत घ्यावे आणि जावे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१० साली विद्यार्थ्यांनी आणखी एक युक्ती काढली. मेसचे आगाऊ पैसे भरलेल्यांची न खाल्लेली जेवणे गरजू सोबत्याला द्यायची. तो इतरांसारखाच रांगेत उभा राहतो, इतरांसारखाच जेवतो. हे जेवण कोणाचे, हे शेजाऱ्याला कळत नाही. मला यातले मोल येथेच वाटते.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची आणि बोर्डिंगची सोय झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. शिकवायचे तर आधी जेवू घातले पाहिजे, हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते.

अन्नपेढीने गरिबी हटत नाही, हे खरे. फी, खोलीभाडे, उशिरा हाती पडणारी शिष्यवृत्ती हे प्रश्न राहतातच, आणि त्यांसाठी शासनदरबारी भांडावेच लागेल. पण परीक्षा मार्चमध्ये असते. भूक तोवर थांबत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या. संस्थेने कॉलेजात धान्याचे एक कपाट ठेवावे, आणि मेसची काही कुपने एका विश्वासू शिक्षकाच्या हाती द्यावीत. कुपनाचा रंग वेगळा नसावा, नावांची यादी फलकावर लागू नये, देणगीदाराने फोटो काढू नये. सदका गुपचूप द्यावा, हे आपण घरीच शिकलो आहोत. पालकांनो, मुलगा फोनवर "जेवलो" म्हणाला, तरी काय जेवला ते विचारा. मुलीच्या डब्याविषयीही तितक्याच आस्थेने विचारा. आणि विद्यार्थी मित्रहो, बाकावरचा सोबती रोज "भूक नाही" म्हणत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. तुम्ही स्वतः उपाशी असाल, तर शिक्षकांना सांगा. मदत घेण्यात कमीपणा नाही. उद्या कमावते झालात की त्या कपाटात एक पोते तांदूळ तुम्ही आणून ठेवाल.