दिनक्रम आता तुमच्या हाती

(नव्या शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी पुण्यातील एका वसतिगृहात नवागत विद्यार्थी व त्यांच्या पालकांसमोर एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आज आपल्या सामानात आईने दिलेले लाडू असतील, चिवडा असेल, शेंगदाण्याची चटणी असेल. मात्र एक गोष्ट सामानात भरता येत नाही. ती म्हणजे घरचा दिनक्रम. सकाळी कोणी हाक मारी, ठरल्या वेळी ताट वाढले जाई, रात्री कोणी दिवा मालवी. तो दिनक्रम आपण पाळतो असे आपल्याला वाटे. वस्तुतः तो घर पाळत होते. उद्यापासून तो तुम्हाला पाळायचा आहे.

मीही अठराव्या वर्षी लातूरहून येथे आलो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागरण, सकाळी न्याहारीला सुट्टी, अकरा वाजता चहा आणि वडापाव. रविवारी दुपारी मेसमध्ये गोडाचे जेवण. संध्याकाळी मेस बंद, म्हणून पुन्हा बाहेरचे खाणे. दिवाळीत घरी गेलो तेव्हा आई कौतुकाने म्हणाली, "पुण्याचं पाणी मानवलं हो तुला!" त्या वर्षी माझे वजन सहा किलोंनी वाढले. ते पुढे कधीच उतरले नाही. अडतिसाव्या वर्षी मला मधुमेह असल्याचे निदान झाले. तेव्हा मी इतरांना पथ्य सांगणारा डॉक्टर होतो! वडिलांनाही मधुमेह होता. म्हणून सारा दोष मी त्या वर्षाला देणार नाही. पण त्या वाटेवरचे पहिले पाऊल तेव्हा पडले, असे मी मानतो.

अमेरिकेत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी पंधरा पौंड वजन वाढते, अशी म्हणच पडली आहे. तिकडील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरी वाढ दीड किलोहूनही कमी आढळली. मग चिंता कशाची? आपली गोष्ट वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखे, निर्देशांक 22.3, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! बारीक दिसणारा भारतीयही आतून स्थूल असू शकतो. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नका, कंबरही मोजा. मुलांची 90 आणि मुलींची 80 सेंटिमीटरच्या आत असावी.

आता करायचे काय? पहिली गोष्ट वेळेची. न्याहारी, दोन जेवणे आणि झोप यांच्या वेळा आजच ठरवा. किमान सात तास झोप हवीच. जागरणाने भूक वाढते आणि ती पोळी-भाजीवर नव्हे, तर तळणावर व गोडावर जाते. मध्यरात्री मोबाईलवरून खाणे मागवण्याची सोय मला नव्हती. तुम्हाला आहे, म्हणून तुमची कसोटी अधिक कठीण आहे.

दुसरी गोष्ट साखरेची. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला, तर सुमारे 40 ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची मर्यादा सुमारे 50 ग्रॅम सांगितली आहे आणि 25 ग्रॅम अधिक हितकर मानली आहे. तेव्हा अमृततुल्यची मैफल खुशाल जमवा, पण कप मोजा. खोलीत फरसाणाऐवजी फुटाणे, शेंगदाणे, केळी ठेवा. मेसमध्ये वरण, उसळ, ताक आणि कोशिंबीर यांना आधी ताटात जागा द्या.

तिसरी गोष्ट व्यायामाची. आठवड्याला 150 मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास पुरे. त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही. पर्वती आहे, वेताळ टेकडी आहे, खोलीतल्या चटईवर सूर्यनमस्कार आहेत. मित्राला बरोबर घ्या. घरची आठवण येऊन मन उदास होते, तेव्हा पुष्कळदा आपण भुकेने नव्हे, एकटेपणाने खातो. टेकडीवरची सोबत त्यावरही औषध आहे.

एक इशारा, विशेषतः भगिनींसाठी. वजनाच्या धास्तीने उपाशी राहू नका. आपल्याकडे तरुण मुलींमध्ये रक्तक्षय आधीच फार आहे. उपासमारीने अशक्तपणा येतो आणि पुढे खाण्यावरचा ताबाही सुटतो. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त पोटाचे दोन भाग अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक मोकळा ठेवण्यास सांगितले. त्याने मोकळा ठेवायला सांगितला तो एक भाग, चारही नव्हेत!

पालकांना एकच विनंती. दूरध्वनीवर "जेवलास का?" असे आपण रोज विचारालच. त्याला जोडून "किती वाजता जेवलास आणि किती वाजता झोपलास?" असेही विचारा. आणि दिवाळीत मूल घरी येईल, तेव्हा त्याच्या गुबगुबीत गालांचे नव्हे, त्याने स्वतः घडवलेल्या दिनक्रमाचे कौतुक करा. माझ्या आईला हे सांगणारे कोणी नव्हते. तुम्हाला सांगण्याची संधी मला मिळाली, याचे समाधान वाटते.