अंगणातील हरळी आणि तळ्यातील कोळंबी



अंगणातल्या झाडपाल्याचा कोळंबीच्या आजाराशी काय संबंध, असे आपण विचाराल. परंतु खाडीकाठी ज्यांनी कर्ज काढून कोळंबीची तळी केली आहेत, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न पोटापाण्याचा आहे.

कोळंबीचा सर्वांत घातक रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. तो १९९२ च्या सुमारास पूर्व आशियात दिसला आणि १९९४ साली भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला. कोळंबी खाणे सोडते, तिच्या कवचावर पांढरे ठिपके उमटतात आणि तीन ते दहा दिवसांत सगळे तळे रिकामे होऊ शकते. हा रोग विषाणूमुळे होतो. प्रतिजैविक औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. शिवाय त्यांचा अंश मालात सापडला, तर परदेशी ग्राहक माल परत पाठवितो. कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडेही तयार होत नाहीत. म्हणून माणसाला देतो तशी लस देऊन भागत नाही.

अशा वेळी काही संशोधक वनस्पतींकडे वळले. तामिळनाडूतील मेलविशारम येथे मुस्लिम शिक्षण संस्थेने चालविलेले सी. अब्दुल हकीम महाविद्यालय आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयात डॉ. सहुल हमीद व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस भारतीय औषधी वनस्पती तपासल्या. बेल, हरळी, कारले, घाणेरी आणि भुईआवळा यांच्या अर्कांत या विषाणूला अटकाव करण्याचा गुण त्यांना आढळला. हे काम २००७ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी हरळीचा अर्क खाद्यात मिसळून कोळंबीला दिला. दोन टक्के प्रमाणात दिला असता प्रयोगातील कोळंबी रोगापासून वाचली.

पालकहो, म्हणून उद्याच हरळी उपटून तळ्यात टाकू नका! पाला पाण्यात कुजला की पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि विषाणूआधी तोच कोळंबीचा जीव घेतो. प्रयोगशाळेतील टाकी वेगळी, खाडीकाठचे तळे वेगळे. ऋतू, जमीन आणि अर्क काढण्याची रीत बदलली की अर्काचा गुणही बदलतो. ‘वनौषधी’ असे लिहिलेली बाटली कोणी विकावयास आणली, तर प्रमाण किती आणि तपासणी कोठे झाली, हे आधी विचारा. खरी राखण आजही जुन्याच गोष्टींत आहे : पीसीआर चाचणी केलेले बीज घ्यावे, पीक काढल्यावर तळे वाळवून चुना द्यावा, खेकडे आत येऊ नयेत म्हणून कुंपण घालावे आणि रोगट तळ्याचे पाणी तसेच खाडीत सोडू नये.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एवढेच सांगावयाचे आहे. मेलविशारम हे काही मोठे शहर नव्हे. तरीही तेथील प्रयोगशाळेला गोड्या पाण्यातील कोळंबीच्या एका रोगासाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेने संदर्भ प्रयोगशाळेचा दर्जा दिला. आजीला झाडपाल्याचे गुण ठाऊक असतात. ते मोजून, तपासून सिद्ध करणे हे तुमचे काम आहे. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र केवळ गुणांसाठी शिकू नका. आपल्या खाडीवरील तळी तुमची वाट पाहात आहेत.