सावलीतले वाळवण



चैत्र सरत आला की अंगणे आणि गच्च्या पापड, कुरडया, सांडगे यांनी भरून जातात. याच वाळवणाच्या कडेला पुष्कळदा तुळस, पुदिना, गवती चहा यांची पानेही पसरली जातात आणि तेथेच घात होतो. कुरडईला कडक ऊन हवे, पानाला सावली. या पानांचा गुण प्रामुख्याने त्यांच्या सुगंधी तेलात असतो आणि ते तेल उडून जाणारे आहे. उन्हात पान लवकर वाळते खरे, पण हाती उरतो तो करडा, निर्गंध पाला. त्याचा काढा श्रावणातल्या पडशाला काय उतार देणार?

वनस्पतीचे कोणते अंग कोणत्या ऋतूत संग्रहावे, हे चरकसंहितेच्या कल्पस्थानात सांगितले आहे. मुळांसाठी ग्रीष्म वा शिशिर, पानांसाठी वर्षा आणि वसंत. सर्रास उन्हाळा म्हटले जाते त्या काळातील चैत्र-वैशाख हे पंचांगाप्रमाणे वसंताचेच महिने होत. कोकणात तर भर पावसात घरी पान वाळवणे जवळजवळ अशक्यच. तेव्हा गृहिणीच्या हाती वसंत उरतो.

खुडणी सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी व्हावी. तुळशीला मंजिऱ्या धरू लागताच शेंडे खुडले म्हणजे नवी फूट येते. द्वादशीला तुळशीस हात न लावण्याचा नेम अनेक घरी आहे. दिवस त्याप्रमाणे बेतावा. गवती चहा वीतभर बुंधा राखून कापावा. पाने धुऊन, पूर्ण निथळून, सुती कापडावर वा सुपात एकेरी थराने पसरावीत. वारा खेळता हवा, ऊन नको. विदर्भाच्या कोरड्या हवेत पान लवकर वाळते, किनारपट्टीच्या दमट हवेत अधिक दिवस लागतात. दिवस मोजण्यापेक्षा बोटांनी पाहावे. पान चुरचुरले आणि देठ कट्कन मोडला, की वाळवण झाले.

मृगापूर्वी पाने काचेच्या कोरड्या बरणीत भरावीत. पहिल्या आठवड्यात काचेला आतून दमटपणा दिसला, तर सर्व बाहेर काढून पुन्हा वाळवावे. आळस केल्यास बुरशी ठरलेलीच. पाने अखंड ठेवावीत, चुरावीत ती वापरताना. वनौषधी वर्षानंतर गुणहीन होते आणि चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांतच घटते, असे शार्ङ्गधरसंहिता सांगते. म्हणून बरणीवर महिना लिहावा. गतवर्षीचा उरलेला पाला नव्यात मिसळू नये; तो झाडांच्या आळ्यात घालावा.