हृदयाची दारे
(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



‘हृदयाचे कार्य’ या विषयावर बोलावे, अशी आज्ञा विश्वस्तांनी मला केली. विषय एवढा विस्तृत आहे की, तासाभरात त्याच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचता येईल. म्हणून मी आज हृदयाच्या दारांविषयीच बोलणार आहे.

आपण मराठी माणसे ‘काळीज धडधडते’ असे सहज म्हणतो. वास्तविक काळीज या शब्दाचा दुसरा अर्थ यकृत असा आहे आणि यकृत काही धडधडत नाही. परंतु या घोटाळ्यात आपण एकटे नाही. रक्त यकृतात तयार होते आणि शरीरभर जाऊन तेथेच जिरते, असे गॅलेन या वैद्याच्या प्रभावामुळे युरोपात सुमारे चौदाशे वर्षे शिकविले जात होते. इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधा हिशेब मांडला. हृदय अर्ध्या तासात जेवढे रक्त बाहेर टाकते, तेवढे संपूर्ण शरीरातही नसते. मग तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. आजच्या आकड्यांनी पाहिले तर एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला पाच लिटर आणि दिवसाला सात हजार लिटर. हे काम करणारा स्नायू मुठीएवढा असून त्याचे वजन सुमारे ३०० ग्रॅम असते.

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कर्णिकांत रक्त येते, खालच्या दोन जवनिका ते पुढे ढकलतात. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे धाडते, डावी बाजू सर्व शरीराकडे. रक्ताने मागे फिरू नये म्हणून चार झडपा आहेत. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तो ‘लब-डब’ आवाज या झडपा मिटण्याचा. डाव्या कर्णिकेच्या आणि जवनिकेच्या मधल्या झडपेला मायट्रल असे नाव आहे. इतर तिघींना तीन-तीन पाकळ्या, हिला दोनच. आणि त्या नाजूक दोऱ्यांनी खालच्या स्नायूंना बांधलेल्या असतात.

‘हृदय अहोरात्र राबते, क्षणभरही विसावत नाही,’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. ते पुरतेपणी खरे नाही. एका ठोक्याला साधारण ०.८ सेकंद लागतो. त्यातील सुमारे ०.३ सेकंद जवनिका आकुंचन पावतात आणि उरलेला ०.५ सेकंद त्या सैल पडलेल्या असतात. या विसाव्यातच मायट्रल झडप उघडून डावी जवनिका भरते, आणि त्या जवनिकेच्या स्नायूला स्वतःचे रक्तही मुख्यतः याच वेळी मिळते. ठोके वाढले की काटछाट होते ती प्रामुख्याने या विसाव्यात. एवढे ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व दुखणे यातून उद्भवते.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, ताप येतो. असे बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात व आपोआप बरे होतात. काही मात्र स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे दुखतात. त्यांना पेनिसिलिनसारखे औषध पूर्ण मुदतीचे मिळाले नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ऱ्हुमॅटिक फीवर होतो. जंतूशी लढण्यासाठी उभी राहिलेली शरीराची शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा कोपर. घरचे म्हणतात, वाढीचे वय आहे. सांधे खरोखरच बरे होतात, मागे खूणही ठेवत नाहीत. झडप मात्र बरी होतेच असे नाही. पुन्हा-पुन्हा हा ताप आला की तिच्या पाकळ्या जाड होतात, कडांना चिकटतात, दोऱ्या आखडतात. निरोगी मायट्रल झडप चार ते सहा चौरस सेंटीमीटर उघडते. ती दीड चौरस सेंटीमीटरपर्यंत किंवा त्याहूनही कमी उघडू लागते.

अशी मुलगी मोठी होते, तिचे लग्न होते. थोडा दम लागतो. तिला वाटते, घरकामाने लागत असेल. मग दिवस जातात. गरोदरपणात शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते आणि ठोके वाढतात. म्हणजे अरुंद दारातून अधिक रक्त जायचे, आणि दार उघडे असण्याचा काळ तर आखडलेला. रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो, उठून बसावे लागते. सातव्या-आठव्या महिन्यात श्वास लागलेली स्त्री दाखल होते, तेव्हा तिच्या दुखण्याचे मूळ पंधरा वर्षांपूर्वीच्या घशात असते. ज्या सासरी ‘हिने आजार लपविला’ असे बोलले जाते, त्यांना मी नम्रपणे सांगू इच्छितो की, तो तिलाही ठाऊक नव्हता.

उपचार आहेत. जांघेतील शिरेतून नळी नेऊन फुग्याने झडप रुंद करण्याची पद्धत जपानचे डॉ. कांजी इनोऊए यांनी १९८४ साली जगापुढे ठेवली. योग्य रुग्णात तिने छाती उघडण्याची वेळ टळते. झडप फारच निकामी असेल तर ती बदलावी लागते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप घडविण्यात आली. आधीचे तीन नमुने कसोटीस उतरले नाहीत, चौथा उतरला, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. कृत्रिम झडपेची चकती वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडते व मिटते. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि त्यासाठी नियमित रक्ततपासणी करावी लागते. नातेवाइकांनी मेथी-पालक वर्ज्य करू नये. खाण्याचे प्रमाण मात्र दर आठवड्याला सारखे ठेवावे. अशा स्त्रीने मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांना भेटावे, कारण ही गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते.

आता देणगीदारांशी थोडे स्पष्ट बोलतो. शस्त्रक्रियेसाठी आपण मुक्तहस्ते देता. शस्त्रक्रियागृहावर नावाची पाटी लागते, रुग्ण बरा होऊन हात जोडून घरी जातो. देणाऱ्याला समाधान वाटते आणि ते योग्यच आहे. परंतु ऱ्हुमॅटिक फीवर एकदा येऊन गेलेल्या मुलाला दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. झडपेला इजा झाली असेल तर साधारणतः चाळिशीपर्यंत, काहींना त्यापुढेही, झडप बदलल्यानंतरसुद्धा. औषध स्वस्त आहे, पण ते दुखते. क्वचित तीव्र ॲलर्जी होत असल्याने अनेक दवाखाने ते देण्यास कचरतात. कित्येकदा बाजारात मिळतही नाही. शिवाय मूल वरवर धडधाकट दिसत असते, आणि धडधाकट मुलाला सुई टोचण्यासाठी बापाने मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून यावे, हे घरात कोणाला पटविणे सोपे नसते. या कामाला कोठे पाटी लावणार? माझे मत विचाराल तर, औषधाचा साठा, ते देणारी प्रशिक्षित परिचारिका, गाडीभाडे आणि तारीख चुकली की घरी जाणारे पोस्टकार्ड किंवा फोन, एवढ्यासाठी वेगळा निधी विश्वस्तांनी ठेवावा. तो शस्त्रक्रियेच्या निधीतून काढू नये, त्याच्या जोडीला उभारावा.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी इंजेक्शनचे कार्ड जपून ठेवावे व दात काढण्यापूर्वीही ते दंतवैद्यांना दाखवावे. माझ्या वाट्याच्या वेळातील दहा मिनिटे उरली आहेत, ती मी रुग्णांच्या नातेवाइकांच्या प्रश्नांसाठी ठेवतो.