उतार सुरतेकडे, कागद मुंबईकडे

मागच्या भागात आपण नद्या आणि डोंगरांमुळे देशांच्या सीमा कशा ठरतात यावर बोललो होतो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की हिमालय, ऱ्हाईन वगैरे ठीक आहे, पण आपल्याकडचं एखादं उदाहरण दे ना. म्हणून आज माझ्या गावाबद्दल बोलतो. नवापूर, जिल्हा नंदुरबार.

नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्ही फोटोत पाहिलं असेल. एकच प्लॅटफॉर्म, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. एका बाकड्याच्या मधोमध रेघ आहे, लोक तिथे बसून सेल्फी काढतात. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातमध्ये. घोषणा चार भाषांत. मी पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसमध्ये ओळख करून देताना हाच किस्सा सांगायचो, लोक हसायचे. पण त्या रेघेत गंमत थोडी आणि बाकी बरंच काही आहे.

आधी जमीन समजून घेऊ. धुळ्याहून सुरतच्या हायवेने निघालात की साक्री तालुका संपताना कोंडाईबारीचा घाट लागतो. घाट उतरलात की नवापूर तालुका. हा 'उतरलात' शब्द लक्षात ठेवा. आमची रंगावली नदी पुढे तापीला मिळते आणि तापी सुरतजवळ समुद्राला. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात, आमचं पाणी पश्चिमेला. म्हणजे नकाशावर आम्ही महाराष्ट्रात असलो तरी जमिनीचा उतार सुरतेकडे आहे.

आणि माणसं उतारानेच चालतात. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच हिऱ्यांचा व्यापारी सुरतहून बुऱ्हाणपूरला जाताना नवापूरवरून गेला. त्याने लिहून ठेवलंय, की हे विणकरांचं मोठं गाव आहे, पण खरा व्यापार तांदळाचा. शिजल्यावर पांढराशुभ्र आणि कस्तुरीसारखा वास येणारा तांदूळ. तिथून तो नंदुरबारकडे वळला. पुढे ब्रिटिशांच्या काळात तापीच्या खोऱ्यातून रेल्वे आली, तीही घाट न चढता नवापूरवरून नंदुरबारकडेच वळली. बैलगाड्यांच्या तांड्याला जी वाट सोपी, ती इंजिनालाही सोपी. आजही आमच्याकडे लग्नाचा बस्ता, मोठं ऑपरेशन, पहिली नोकरी, काहीही असो, घरातलं कोणीतरी म्हणतंच, "सुरतला जाऊन ये."

आता रेघेकडे येऊ. स्टेशन बांधलं तेव्हा दोन्ही बाजूंना एकच मुंबई प्रांत होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, आणि सीमा स्टेशनातून गेली. भाषेवरून राज्यं करायची होती. पण आमच्या आजीची भाषा ना मराठी ना गुजराती, ती मावची. पलीकडे उच्छल तालुक्यात तिचं माहेर, तिथेही घरात जवळपास हेच बोलतात. सरकारी कागद बघा. अनुसूचित जमातींच्या यादीत महाराष्ट्रात एक नोंद आहे: गामित, गामता, गावित, मावची, पाडवी. गुजरातच्या यादीतही हीच पाच नावं आहेत. म्हणजे दोन्ही सरकारांना मान्य आहे, की ही एकच माणसं आहेत. फक्त इकडे आडनाव बहुतेक 'गावित' लिहितात, तिकडे 'गामीत'.

पण एकाच नोंदीतली माणसं असूनही काय होतं ऐका. माझी आतेबहीण लग्न होऊन पलीकडे गेली. माहेर ते सासर मोटारसायकलवर अर्धा तास. तिकडे भरती निघाली, तिने अर्ज भरला, तर सांगितलं तुमचा जातीचा दाखला महाराष्ट्राचा, इथे आरक्षण लागू नाही. नियम असाच आहे. जमातीचा दर्जा त्या-त्या राज्यापुरता असतो आणि लग्नाने बदलत नाही. माणूस राज्य बदलून गेला की सवलत मूळ राज्यातच राहते. ती मला फोनवर म्हणाली, "दादा, मी अशी किती लांब आलेय?" मी सॉफ्टवेअरवाला, मला लगेच डेटाबेस दिसला. दोन टेबलांत रेकॉर्ड एकच, पण मध्ये जोडणी नाही. पण तिला हे सांगून काय उपयोग होता?

दुसरी गोष्ट पाण्याची. गुजरातमध्ये तापीवर उकाईचं धरण झालं, १९७२ मध्ये. त्याचं मागचं पाणी आमच्या जिल्ह्यापर्यंत आलं. जमिनी गेल्या, गावं उठली. त्याच धरणाच्या कालव्यांनी खाली सुरत, बारडोलीकडे ऊस उभा राहिला. आणि दिवाळी झाली, की आमच्याकडच्या टोळ्या कोयते घेऊन तोच ऊस तोडायला जातात. खान्देशातून, डांगमधून. पाणी उताराने गेलं, मागोमाग माणसंही गेली. त्यांना सीमेवर कोणी अडवत नाही. अडतात ती पोरं. वर्षाच्या मध्यात मराठी शाळा सुटते, आणि पडावाजवळ शाळा असली तरी ती गुजराती. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड निघालं, चांगली गोष्ट आहे. पण लिपीच बदलली तर कार्ड दाखवून तिसरीतलं पोरगं वाचणार काय? माझा वर्गमित्र असाच पाचवीत सुटला. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता. हे मी नम्रपणा म्हणून सांगत नाहीये, त्याच्या वहीतून मी उतरवायचो.

तिसरं, थोडक्यात. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापुरात. मी तेव्हा लहान होतो. पांढऱ्या पोशाखातली माणसं, पुरलेल्या कोंबड्या आणि घरातली शांतता आठवते, कारण बाबा एका पोल्ट्रीवर कामाला होते. थोड्याच दिवसांत पलीकडे उच्छलमध्येही तो सापडला. विषाणूला प्लॅटफॉर्मवरची रेघ दिसली नाही. भरपाई आणि पंचनामे मात्र ज्याच्या-त्याच्या जिल्ह्यातून.

मग भूगोल माणसं घडवतो, हे खरं की खोटं? मला वाटतं अर्धं खरं. आम्ही काय पिकवणार, कुठल्या बाजाराला जाणार, कुणात सोयरीक करणार, हे बऱ्यापैकी घाटाने आणि नदीने ठरवलं. पण तिथे पोचल्यावर आम्हाला काय मिळणार, हे रेघेने ठरवलं. आणि रेघसुद्धा माणसं घडवते बरं का. साठ-पासष्ट वर्षांत माझ्या मामाची नातवंडं गुजरातीत लिहितात, मी मराठीत. आजी दोघांशी मावचीत बोलायची. आता ती नाही, तर आम्ही भावंडं व्हॉट्सॲपवर हिंदीत बोलतो. हे डोंगराने नाही केलं.

सीमा पुसा असं मी म्हणत नाही. त्या भांडणातून कोणाचं भलं झालेलं मला माहीत नाही. मागणं छोटं आहे. ज्या जमातीची नोंद दोन्ही राज्यांच्या यादीत शब्दशः सारखी आहे, तिच्या सीमेवरच्या लोकांचा दाखला दोन्हीकडे चालावा. आणि सीमेलगतच्या तालुक्यांत ऊसतोडीच्या हंगामापुरते तरी दुसऱ्या भाषेचे शिक्षक असावेत. रेल्वेला एका प्लॅटफॉर्मवर चार भाषा जमतात, मग शाळेला दोन जमायला हरकत नसावी.

तुमच्या गावाचा उतार कुठे आहे आणि कागद कुठे, मला जरूर कळवा. बेळगाव, सोलापूर, गोंदिया, पालघर, कुठूनही. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.