घरी बांधलेल्या मोटारीतील दुसरी बैठक



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काही जणांना हसू आले असेल. संतवाङ्मय, इतिहास आणि शेतीचे अर्थकारण ऐकण्याची सवय असलेल्या बार्शीच्या श्रोत्यांपुढे, घरी बांधलेल्या स्पोर्ट्स मोटारीत शेजाऱ्याला कोठे बसवावे हा प्रश्न मांडणे थोडे धाडसाचेच आहे. परंतु हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. स्वतःच्या हाताने मोटार बांधणारा मनुष्य एकटा तीत बसतो तोवर तो स्वतःच्या जिवावर प्रयोग करीत असतो. शेजारी दुसरा कोणी बसला की तोच प्रयोग दुसऱ्याच्या जिवावर होऊ लागतो; आणि तो दुसरा बहुधा आपलाच मित्र, पत्नी किंवा मुलगा असतो.

मोटार बांधण्याचा हा छंद आपल्याकडे परका नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 साली स्वतःच्या कल्पनेने एक लहान मोटार बांधली. ती दोन माणसांची होती. ‘मीरा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या मोटारीचे नवनवे नमुने ते 1970 नंतरही करीत राहिले. कारखान्यातून ती बाहेर पडण्याचा योग मात्र आला नाही. अगदी अलीकडे, 2021 साली, सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावच्या एका कारागिराने भंगारातील लोखंडातून आपल्या मुलासाठी चारचाकी बांधली आणि तिची वार्ता देशभर गेली. गोव्यात तर 1990 नंतरच्या दशकात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन बैठकांची स्पोर्ट्स मोटार कारखान्यात तयार झाली. इंग्लंडात 1957 साली निघालेली ‘लोटस सेव्हन’ सुट्या भागांच्या रूपाने विकत मिळे आणि गिऱ्हाईक ती घरी जोडी. पुढे 1996 साली रॉन चॅम्पियन या शिक्षकाने तशीच गाडी 250 पौंडांत घरी कशी बांधावी याचे पुस्तक लिहिले, तेव्हापासून जगभरच्या घरामागच्या छपरांतून अशा गाड्या तयार होऊ लागल्या.

या सर्व उद्योगांत एक गोष्ट आम्हांस वारंवार दिसते. बांधणारा प्रथम इंजिन मिळवितो, मग चौकट जोडतो, चक्र आणि पायटे आपल्या हातापायांच्या मापाने बसवितो आणि शेवटी उरलेल्या जागेत दुसरी बैठक ठेवून देतो. आमचे म्हणणे एवढेच, की हा क्रम उलटा आहे. दुसऱ्या बैठकीचा निर्णय चौकटीचा पहिला नळ कापण्यापूर्वी व्हावयास हवा.

भार कोठे पडतो याचा विचार आधी करावा, ही शिकवण आपल्या गावाला नवी नाही. 1897 साली येथे आलेली बार्शी लाइट रेल्वे ज्यांनी उभारली, त्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचे सारे गणितच या एका सूत्रावर उभे होते. रूळ अडीच फूट अंतराचे आणि हलके. म्हणून इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा त्यांनी दंडक घातला. गाडी आधी बांधून भाराची विचारपूस नंतर करावी, असे त्यांनी केले नाही. आता तेथे रुंद रूळ आले. परंतु तो धडा जुना झालेला नाही.

बैलगाडीत बसलेल्याला तर हे सांगावयासही नको. ओझे मागे गेले की गाडी उलार होते, पुढे आले की बैलांच्या मानेवर बसते. हीच गोष्ट मोटारीत आकड्यांनी पाहू. समजा, पुढच्या आणि मागच्या आसांत 230 सेंटिमीटर अंतर आहे आणि 70 किलो वजनाचा मनुष्य पुढच्या आसापासून 160 सेंटिमीटर मागे बसला आहे. त्याच्या वजनापैकी सुमारे 49 किलो मागच्या चाकांवर आणि 21 किलो पुढच्या चाकांवर जाईल. आता ती बैठक जवळजवळ वीतभर, म्हणजे 20 सेंटिमीटर, मागे सरकवा. मागचा भार 55 किलो होतो. फरक पडला तो फक्त सहा किलोंचा! तेव्हा तोल साधण्यासाठी म्हणून शेजाऱ्याचे गुडघे फळीला टेकविण्याचे काहीच कारण नाही.

आडव्या दिशेचा हिशेब मात्र निराळा आहे. डाव्या-उजव्या चाकांत 130 सेंटिमीटर अंतर धरले आणि चालविणारा मधल्या रेषेपासून 32 सेंटिमीटर उजवीकडे बसला, तर त्याचे 52 किलो वजन उजव्या चाकांवर आणि केवळ 18 किलो डाव्या चाकांवर पडते. शेजारी तेवढ्याच वजनाचा मनुष्य आला की हा 34 किलोंचा फरक नाहीसा होतो. तो उतरला की पुन्हा उभा राहतो. अवघ्या सहाशे किलोंच्या गाडीला एवढा फरक वळणावर जाणवल्यावाचून राहत नाही. याला उपाय दोन. बॅटरी, हत्यारे यांसारख्या जड वस्तू शेजाऱ्याच्या बाजूस ठेवाव्यात. आणि दोन्ही बैठका शक्य तितक्या मधल्या रेषेकडे आणाव्यात.

परंतु मध्ये आणावयाच्या म्हटल्या की खांदे आडवे येतात. भरल्या अंगाच्या दोन माणसांना खांद्याशी सुमारे एक मीटर रुंदी लागते. त्यात चक्र फिरविणाऱ्याचे कोपर मोकळे हवे. यावर जुन्या कारागिरांनी एक साधी युक्ती काढली. 1920 नंतरच्या अमिलकारसारख्या लहान फ्रेंच गाड्यांत शेजाऱ्याची बैठक चालविणाऱ्याच्या किंचित मागे ठेवीत. त्यामुळे एकाचा खांदा दुसऱ्याच्या खांद्यामागे जाई आणि अरुंद गाडीतही दोघे मावत. गॉर्डन मरे यांनी 1992 साली मॅक्लारेन एफ-1 मध्ये हाच विचार पुढे नेला. चालविणारा नेमका मध्ये, आणि दोन्ही अंगांस थोडे मागे दोन उतारू. वर पाहिलेच, की थोडे मागे सरकल्याने तोल बिघडत नाही. उलट शेजाऱ्याला पाय पसरावयास जागा मिळते.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. चालविणाऱ्याच्या हातात चक्र असते, पायाखाली पायटे असतात. वळण येणार हे त्याला आधी ठाऊक असते. शेजाऱ्याजवळ यांपैकी काहीच नसते. म्हणून त्याला पाय रोवण्यासाठी तिरपी फळी आणि धरण्यासाठी भक्कम मूठ हवी. चालविणाऱ्यापेक्षा त्याच्या बैठकीच्या कडा अधिक उंच हव्यात. धुराची नळी त्याच्या बाजूने नेली असेल तर तिच्यावर जाळीचे आवरण हवे. नाही तर उतरताना पोटरी भाजलीच म्हणून समजावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पट्ट्याची. नील्स बोलिन या स्वीडिश तंत्रज्ञाने 1959 साली व्हॉल्व्हो गाडीत तीन ठिकाणी अडकविलेला पट्टा आणला. आज पुढे बसणाऱ्या दोघांनाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे. परंतु पट्टा असणे आणि तो टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळली आणि आतील 70 किलोंचा मनुष्य अर्ध्या मीटरात थांबला, तर पट्ट्यावर सुमारे 1400 किलोंचा ताण येतो. आपल्या मार्केट यार्डातील एकेक क्विंटलची चौदा पोती एकदम त्या खिळ्यांवर लटकली असे समजा. पातळ पत्र्यात मारलेला बोल्ट तेथे काय करणार? तो पत्रा फाडून बाहेर येईल. पट्ट्याची टोके चौकटीच्या नळांनाच, जाड पट्टी जोडून, बांधली पाहिजेत. खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्याचे मागचे टोक खांद्याच्या उंचीवर असावे. ते फार खाली असले तर आघाताच्या वेळी पट्टा मणक्याला खाली दाबतो. डोक्यामागची लोखंडी कमानही दोघांच्या डोक्यांहून उंच हवी, एकट्या चालविणाऱ्याच्या नव्हे. बैठक नंतर सरकविली की ही सारी मापे चुकतात. बैठक आधी आणि चौकट नंतर, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

शर्यतींच्या इतिहासात याची किंमत मोजली गेली आहे. प्रारंभीच्या शर्यतींत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. 1924 साली सान सेबास्तियानच्या शर्यतीत केनेल्म ली गिनेस यांची गाडी उलटली आणि शेजारचे टॉम बॅरेट ठार झाले. 1925 पासून ग्रां प्री शर्यतींत मेकॅनिकला बसविणे बंद झाले. नवल असे, की नियमाने गाडीची रुंदी मात्र काही काळ दोघांचीच राहिली. याउलट 1955 च्या मिल्ले मिल्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन बसले होते. हजार मैलांच्या रस्त्याची टिपणे त्यांनी कागदाच्या लांब गुंडाळीवर लिहिली होती. आवाजात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून हातांच्या खुणांनी ते पुढचे वळण सांगत. 10 तास 7 मिनिटे 48 सेकंदांत ती शर्यत जिंकली गेली. त्यात शेजारच्या बैठकीचा वाटा काही थोडा नव्हता.

तेव्हा आमच्या तरुण मित्रांना कृतीची एक साधी रीत सुचवितो. जमिनीवर खडूने गाडीचा आराखडा काढा. फळ्या, विटा आणि खोकी यांची खोटी बैठक मांडा. घरातील सर्वांत उंच, सर्वांत लठ्ठ आणि सर्वांत ठेंगण्या माणसाला तीत अर्धा अर्धा तास बसवा. चढ-उतर करावयास सांगा. तक्रारी लिहून घ्या, आणि मगच नळ कापा. गाडी उभी राहिली की मालमोटारीच्या वजनकाट्यावर आधी पुढची चाके, मग मागची चाके ठेवून वजन घ्या. एकदा एकटे आणि एकदा शेजाऱ्यासह. कॅलथ्रॉपसाहेबांच्या गावात एवढे तरी व्हावेच.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून कोणतीही मोटार सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. आणि घरी बांधलेल्या गाडीला ती नोंदणी मिळणे अतिशय कठीण आहे. याचा राग अनेकांना येतो. परंतु सरकारची परीक्षा कडक असेल तर ती ज्या गोष्टींची परीक्षा असते, त्या पट्टा, चौकट, ब्रेक याच गोष्टी आहेत. खाजगी आवारात गाडी चालवावयाची असली तरी तेथे आदळणारी भिंत काही मऊ नसते.

चालविणाऱ्याने आपली बैठक स्वतः निवडलेली असते. शेजारी बसणारा मात्र चौकट, बोल्ट, पट्टा यांतले काहीही तपासून पाहत नाही. ‘बैस’ म्हटले की तो बसतो. त्याच्या वतीने ही तपासणी बांधणाऱ्यालाच करावी लागते.